बारा नर्सा आणि एक बाळंतीण

मी त्या दवाखान्यात लागले तेव्हा आम्ही तिघी नर्सा होतो आणि आमच्यावर एक मोठ्या बाई. तीन सुनांना एक सासू म्हणजे काही फार नाही, असं कुणाला वाटेल. ज्याला वाटेल त्याने आमच्या मोठ्या बाईंच्या हाताखाली एक आठवडा काढून दाखवावा.

दवाखाना पौडच्या पुढे, रस्ता धरणाच्या पाण्याला चिकटून जायला लागतो तिथे होता. कौलारू चार खोल्या, एक पडवी आणि मागे विहीर. धरणाच्या कामाच्या वेळी कुणा साहेबासाठी बांधलेलं ते घर होतं. साहेब गेला, वटवाघळं आली, आणि वटवाघळांनंतर आम्ही. एवढ्याशा जागेत मोठ्या बाईंच्या नजरेतून काही सुटणं शक्यच नव्हतं. त्या पहिल्या खोलीत उभ्या राहिल्या तरी चौथ्या खोलीतलं त्यांना ऐकू यायचं. मोरीवरचा साबण बोटाने चाचपायच्या आणि म्हणायच्या, "कोरडा आहे. आज हात न धुताच पेशंटला हात लावलेत वाटतं." चादरीचा कोपरा, केसांचा अंबाडा, इंजेक्शनची उकळलेली सुई, पेशंटशी बोलताना लावलेला सूर, सगळ्यावर त्यांचं मत असायचं आणि ते त्या लगेच सांगायच्या. माझ्या अंबाड्याला त्या "चिमणीचं घरटं" म्हणत. मी त्यांना मनातल्या मनात काय म्हणत असे ते इथे लिहीत नाही, छापणाऱ्याची अडचण होईल.

दुपारी आम्ही चौघी पडवीत एकत्र जेवायला बसायचो. मोठ्या बाईंचा तो नियमच होता. तिघींनी वेगवेगळं जेवायचं नाही, आणि जेवताना पेशंटांबद्दलच बोलायचं. म्हणजे पानात पिठलं वाढायचं आणि त्याच वेळी मोठ्या बाईंनी विचारायचं, "त्या म्हाताऱ्याला सकाळपासून किती वेळा झाली? पातळ का घट्ट?" पहिल्या महिन्यात मी दोनदा पानावरून उठले. नंतर सवय झाली. मग भाकरीचा तुकडा मोडत मोडत मी कुणाच्या जखमेत पू झालाय ते सांगायचे आणि वर ठेचा मागून घ्यायचे. त्या जेवणात दवाखान्यातला एकेक माणूस आमच्या तोंडातून फिरून जायचा. कोण कसा झोपला, कुणाची बायको भेटायला आली नाही, कोण गोळ्या गादीखाली लपवतो, सगळं चौघींना पाठ असायचं. आम्ही त्याला छळ म्हणायचो.

आठवड्यातून एकदा मी आसपासच्या गावांत जायचे. पोटुशा बायका बघायच्या, त्यांना दवाखान्यात बाळंतपणाला यायचा आग्रह करायचा, असं ते काम. बायका ऐकून घ्यायच्या, चहा द्यायच्या आणि बाळंत घरीच व्हायच्या. पाण्याकाठच्या एका गावात एक सासू होती. काटक, कपाळावर आडवं कुंकू, आणि माझ्या छत्रीकडे कायम संशयाने बघणारी. तिच्या सुनेची पहिली दोन्ही मुलं घरातच जन्मताना गेली होती. सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि ती तोंडातून शब्द काढत नव्हती. मी काही विचारलं की सासूकडे बघायची, आणि सासू उत्तर द्यायची.

त्या सासूला वळवायला मला पुष्कळ खेपा पडल्या. शेवटी एक दिवस भाताच्या कणग्याला टेकून ती म्हणाली, "दोन पोरं माज्या घरात गेली. तिसरं तुमच्या घरात आनते. पन तू असशील का? का दुसऱ्याच कुनाच्या हातात द्येशील?"

"मी असेन की, मावशी," मी म्हटलं. मला त्यात काही मोठं वचन वाटलं नाही. तिघीच तर होतो. मी नसणार तर कुठे जाणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्यावर प्रगती कोसळली. खोऱ्यात जन्मून मुंबईत गबर झालेल्या एका शेठजींना आईच्या नावाने काहीतरी बांधायचं होतं. देऊळ आधीच कुणीतरी बांधून टाकलं होतं, म्हणून त्यांनी दवाखाना बांधला. आमच्या कौलारू घराशेजारीच लांबलचक इमारत, बायकांची आणि पुरुषांची वेगळी दालनं, फरशी इतकी गुळगुळीत की पहिल्या दिवशी उद्घाटनाला आलेले पाहुणेच घसरले. सरकारने खाटा दिल्या आणि खाटांमागोमाग नऊ नर्सा पाठवल्या. एस.टी.तून ट्रंका घेऊन त्या उतरल्या तेव्हा आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. आता कामाला हात झाले, आणि मोठ्या बाईंना बघायला माझ्या अंबाड्याखेरीज आणखी नऊ अंबाडे मिळाले. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

मोठ्या बाईंना मात्र सरकारने पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला नेलं होतं. जास्त माणसांवर देखरेख कशी ठेवावी, हे शिकून त्या परत आल्या आणि एक तक्ता भिंतीवर लावला. एकीने सगळ्या पेशंटांचा ताप घ्यायचा. एकीने नाडी बघायची. एकीने इंजेक्शनं, एकीने ड्रेसिंग, एकीने औषधं, एकीने बेडपॅन. ज्याचं काम त्याने करायचं आणि दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही. मोठ्या बाई मधल्या टेबलाशी बसणार आणि प्रत्येकीने येऊन आपलं काम झाल्याचं सांगायचं. माझ्या वाट्याला ताप आला. सकाळी थर्मामीटर झटकायला सुरुवात करायची ती संध्याकाळपर्यंत. माझं मनगट एवढं तयार झालं की मी सहज माशी मारू शकले असते.

पेशंटांनीही आमची नावं टाकून दिली. "तापाची बाई आली", "सुईची बाई गेली", "भांड्याच्या बाईला हाक मार" असं सुरू झालं. सुईच्या बाईला बघितलं की पोरं रडायची, बिचारीचा स्वभाव अगदी गरीब होता. आणि जेवण? बारा जणी पडवीत मावत नव्हत्या. पुण्याच्या शिकलेल्या एका खोलीत डबे उघडायच्या, नगरकडच्या दुसऱ्या खोलीत, आम्ही तिघी जुन्या विहिरीपाशी. पुणेकरणी आम्हाला खेडवळ म्हणत, आम्ही त्यांना चमचेवाल्या म्हणायचो कारण त्या भात चमच्याने खात. जेवताना आता पेशंटांचं नावही निघत नसे. एकमेकींचं निघे. पिठलं पहिल्यांदाच पिठल्यासारखं लागलं, एवढा फायदा झाला.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. कुठे लपायचं ते आता ठरवावं लागत नव्हतं, माणसांतच लपता येत होतं. तिघींत एक काम राहिलं तर कुणाचं राहिलं ते मांजरालाही कळायचं. बारा जणींत राहिलेलं काम कुणाचंच नसतं. पायाला जखम होऊन आलेला एक गाडीवान बरा होऊन कितीतरी दिवस आमच्याकडेच राहिला, कारण त्याला घरी जा म्हणून सांगायचं काम तक्त्यात कुणाच्या नावावर नव्हतं. तो आम्हाला विहिरीचं पाणी काढून द्यायला लागला होता. मोठ्या बाई टेबलाशी बसून "झालं का?" विचारायच्या आणि आम्ही "झालं" म्हणायचो. साबण चाचपायला त्या आता उठत नसत. किती मोऱ्या हिंडणार? अंबाड्याबद्दलही बोलत नसत, आणि मी त्याकडे लक्ष देणं सोडलं होतं. त्या आता कुणालाच जाचक वाटत नव्हत्या. कुणाला त्या कशाच वाटत नव्हत्या.

अशात एका सकाळी पाण्याकाठच्या त्या गावाची बैलगाडी दारात आली. गाडीत गवतावर सून, शेजारी सासू, हाकायला सासूचा मुलगा. सासूने खाली उतरून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आनली बग. कळा पहाटंच सुरू झाल्यात. आता तुज्या वटीत." दोन मुलं गेलेल्या बाईचं हे तिसरं होतं, आणि हेही गेलं तर ती सून घरात कशी राहिली असती आणि राहिली असती का, हे मला माहीत होतं. त्या गावातली दुसरी एकही बाई मग आमच्या दारात आली नसती, तेही माहीत होतं. मी सुनेला आत नेऊन खाटेवर निजवलं. तेवढ्यात टेबलावरून हाक आली, पुरुषांकडचे ताप राहिलेत म्हणून. मी गेले.

डॉक्टर त्या दिवशी जिल्ह्याच्या मीटिंगला गेले होते. अडलेल्या बाळंतपणाच्या दिवशी डॉक्टरची मीटिंग असायचीच, तो निसर्गनियम होता. पण आमच्याकडे सुईणकाम शिकलेल्या कितीतरी जणी होत्या, काळजीचं कारण नव्हतं. आणि तक्त्याप्रमाणे सगळं चोख चाललं होतं. ताप मीच घेतला, तो नव्हता. नाडीवालीने नाडी घेतली. एकीने पोटावर नळी लावून बाळाचे ठोके ऐकले आणि टेबलाशी सांगितले. एकीने चहा दिला. भांड्याची बाई सकाळी भांडं घेऊन गेली, "लागलीय का?" म्हणून विचारलं, सुनेने मान हलवून नाही म्हटलं, ती भांडं घेऊन परत आली. प्रत्येकीचं काम झालं होतं. सकाळच्या जोरदार कळा दुपारी ढिल्या पडल्या, हेही एकीला दिसलं होतं. तिला वाटलं, कळा बघणारी वेगळी असेल.

मी पुरुषांच्या दालनात होते. गाडीवानाच्या तोंडात थर्मामीटर होता, बऱ्या झालेल्या माणसाचाही ताप मी रोज घ्यायचे. तेव्हा पडवीतून सासूचा आवाज आला. ती आपल्या मुलाला सांगत होती, "बैलं जुंप." दारात येऊन बघते तर सासूने सुनेला काखेत धरून उठवलं होतं आणि सून भिंत धरून एकेक पाऊल टाकत होती. मोठ्या बाई टेबल सोडून उठल्या होत्या आणि दारात आडव्या उभ्या होत्या.

"मावशी, अशा अवस्थेत हलवायचं नसतं," त्या म्हणाल्या. "बाई अडली वाटेत तर काय कराल? इथं बारा जणी आहेत हिच्याकडे बघायला."

"बारा जनी बघत्यात व्हय," सासू म्हणाली. "बसलीय कोन? सकाळधरनं बारा तोंडं बघितली आमी. एक येती, काचंची काडी घालती अन् जाती. एक येती, हात दाबती अन् जाती. काय इचारलं तर म्हनती, दुसरी यील. माज्या घरी सुईन एकच व्हती. तिच्या हातनं दोन गेली, पन ती उठून गेली न्हाई. ह्यातली हिची कोन, तेवडं सांगा. न्हाई तर सोडा वाट."

मोठ्या बाईंनी मागे वळून बघितलं. आम्ही सगळ्या एव्हाना जमलो होतो, तमाशा बघायला बारा जणी वेळेवर जमतात. मोठ्या बाई एकेकीच्या तोंडाकडे बघत गेल्या. जी ती शेजारणीकडे बघत होती. मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. तक्त्याचा, सरकारचा, शेठजींच्या आईचा, आणि सासूने गाडीतून उतरून जिचं मनगट धरलं होतं त्या बाईचा, म्हणजे माझाच.

"ही माझी," मी म्हटलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझ्याकडे पुरुषांचे ताप आहेत."

"मग ते तुम्ही घ्या," मी म्हटलं.

असं मोठ्या बाईंशी आजवर कुणी बोललं नव्हतं. पुणेकरणींपैकी एकीने तोंडावर हात ठेवला. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, जुन्या कौलारू घरात बघायच्या तसं, थेट. मग विचारलं, "थर्मामीटर कुठे आहे?"

"गाडीवानाच्या तोंडात."

त्या पुरुषांच्या दालनात गेल्या. मागून कळलं की त्यांना येताना बघून पुरुष अंथरुणात ताठ होऊन बसले आणि गाडीवानाने स्वतःच थर्मामीटर काढून पुसून हातात दिला. त्याच संध्याकाळी तो घरी गेला.

मी सुनेला परत खाटेवर नेलं आणि तिच्याशेजारी बसले. सासूला दाराबाहेर बसवलं. काही केलं नाही, नुसती तिच्या पोटावर हात ठेवून बसले आणि गावातल्या गोष्टी बोलत राहिले, तिच्या दारातल्या शेवग्याच्या, खोडकर शेळीच्या. हाताखाली पोट दगडासारखं लागत होतं, पण कळेने नव्हे. ओटीपोटावर एक वेगळाच फुगवटा होता. मी विचारायच्या आतच तिने माझा कान खाली ओढला आणि त्यात कुजबुजली, "बाई, मला कवापासनं मुतायला लागलंया."

सकाळपासून. गाडीत बसल्यापासून. भांड्याची बाई परकी, दारात सासू, पलीकडे चहावाली उभी. हो कसं म्हणायचं? म्हणून तिने मान हलवून नाही म्हटलं होतं, आणि नाही म्हटल्यावर विचारणारीचं काम संपलं होतं. नंतर अकरा जणी आल्या, पण तो प्रश्न त्यांच्या वाट्याचा नव्हता. भरलेल्या मूत्राशयाने कळा मंदावतात आणि मूल खाली सरकत नाही, हे आम्ही सगळ्याच शिकलो होतो, परीक्षेत मार्कही मिळवले होते. आता तिला आपणहून होईना. मी रबरी नळी उकळून घेतली, नगरकडची एक मदतीला आली, आणि भांडं भरलं ते असं की आम्ही दोघी बघतच राहिलो. सुनेने डोळे मिटून सुस्कारा टाकला. जरा वेळाने कळा परत सुरू झाल्या, अशा की तिने माझं तेच मनगट पिळून काढलं.

मुलगी झाली. आधी निळी पडली होती, रडत नव्हती. पाय धरून उलटी केली, पाठ चोळली, तोंडातला चिकटा काढला, पुन्हा पाठ चोळली. तेवढ्या वेळात मी माझ्या आयुष्यातले सगळे देव आठवले, शेठजींच्या आईसकट. मग ती रडली. बाहेर सासूने भिंतीला डोकं टेकलं. मला हुंदका आला, आणि तो मी बाळाला पुसण्याच्या निमित्ताने टॉवेलात दडपला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तक्ता भिंतीवरून काढला आणि त्याच्याच पाठीवर नवा लिहिला, कारण सरकारी कागद त्या वाया घालवत नसत. बारा जणींचे तीन गट. चौघींनी मिळून ठरावीक पेशंट सांभाळायचे, ताप, नाडी, भांडं, सुई सगळं त्यांनीच. एका गटाची जबाबदारी माझ्यावर टाकली. मला वाटतं तो बक्षिसापेक्षा सूड होता. चौघींनी एकत्र जेवायचं आणि आपापल्या पेशंटांचं बोलायचं, हेही आलंच. माझ्या गटातल्या चमचेवालीने पहिल्याच दिवशी जुलाबाच्या चर्चेला पान सोडून धाव घेतली. मला फार समाधान वाटलं.

मोठ्या बाई पुन्हा हिंडू लागल्या, पण आता एकेकीला टोकत नसत. गटाच्या मुख्य बाईला सांगत, आणि तिने आपल्या तिघींना सांगायचं. काम सुधारलं, यात शंका नाही. आम्ही आपापल्या पेशंटांवरून भांडू लागलो, माझ्या म्हातारीला तुझ्या गटाने का हात लावला म्हणून. पूर्वी भांडण काम कुणी करायचं यावर असायचं, आता पेशंट कुणाचा यावर होऊ लागलं.

पोरीचं बारसं झालं आणि सासू डोक्यावर पातेलं घेऊन चालत आली. घुगऱ्या होत्या, वर ओलं खोबरं. माझ्यासाठी खण-नारळ वेगळा. पातेलं माझ्या हातात देऊन म्हणाली, "समद्यांना वाट. येकीला बी ऱ्हाऊ दिऊ नगं." मी आमच्या चौघींच्या वाट्या भरल्या आणि पातेलं दुसऱ्या गटाकडे दिलं. त्यांनी घेऊन तिसऱ्या गटाकडे दिलं. पातेलं घासून, पालथं होऊन परत आलं.

संध्याकाळी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्या एकट्याच टेबलाशी डबा उघडून बसल्या होत्या. मी विचारलं, "घुगऱ्या कशा झाल्या होत्या, बाई?"

"कसल्या घुगऱ्या?" त्यांनी विचारलं.

मी तिन्ही गटांत जाऊन आले. सगळ्यांचं एकच उत्तर, मला वाटलं दुसऱ्यांनी दिल्या असतील. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. त्या कुठल्याच गटात नव्हत्या, एवढंच. मी परत आले तेव्हा माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं असणार, त्यांना कळायचंच.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "मला हरभरा पचत नाही."

पचत होता. कौलारू घरात आमच्या पानातला उचलून खायच्या. मी म्हटलं, "उद्यापासून आमच्यात जेवायला बसा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि नाही म्हणून मान हलवली. "तुमच्यात बसले की बाकीच्या आठ जणी म्हणतील, बाई त्यांच्या. मग त्या माझं कशाला ऐकतील? कुणाचीच नाही, तोवर सगळ्यांची आहे मी." मग डब्याचं झाकण लावत त्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, "कोपऱ्यातल्या त्या आजोबांना कुणी पाणी पाजलं का दुपारनंतर?"

आजोबा माझ्या गटातले नव्हते. मी जाऊन पाणी पाजलं.